क्रूसावरचं माझं नाव

बाबा,

पाळकबाई येत्या मंगळवारी तिकडे निघाल्या आहेत. तीन आठवड्यांची रजा आहे. त्यातला एक दिवस त्या तुमच्या कबरेपाशी जाणार आहेत, आणि वस्तीतली जी म्हातारी माणसं अजून चालू शकतात ती सगळी त्यांच्याबरोबर येणार आहेत. मी पत्र दिलं तर त्या ते तिथे उभ्या राहून मोठ्याने वाचतील, स्वाहिलीत करून. ते पत्र मी लिहिलं. इंग्रजीत, दहा ओळी, आणि त्याला तीन दिवस लागले. पाकीट बंद करून फ्रीजवर ठेवलं आहे. आज लिहिते आहे ते दुसरं. पाळकबाई म्हणाल्या, "तुमच्या भाषेतही लिहा. ते मला वाचताच येणार नाही. क्रूसापाशी दगडाखाली ठेवून येईन." ठेवायला द्यायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. लिहून झालं की बघू.

आमच्या पाळक म्हणजे तुमच्या त्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत वाढलेली मुलगी. तुम्ही तिला ओळखता. तिच्या आईला कुष्ठरोग होता, आणि आईच्या मागे मागे ती तुमच्या जोडे शिवण्याच्या खोलीत यायची. आता तिने साठी ओलांडली आहे, केस पिकलेत. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या बिशपांनी तिला इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला पाठवलं, कारण इथे पाळक मिळेनात. आमच्या चर्चच्या मंडळीचं आणि टांझानियातल्या त्या मंडळीचं जुनं नातं आहे. पूर्वी इथून तिकडे मिशनरी जात, आता तिकडून इकडे येतात. पहिल्याच रविवारी आमच्या चर्चच्या वॉर्डनने, ऐंशीचा म्हातारा आहे, तिला विचारलं, "इथली थंडी सोसेल का तुम्हाला?" ती म्हणाली, "थंडीचं काय एवढं. तुमच्या आजोबांनी आमच्याकडे देव आणून दिला, तेव्हा थोडा घरी ठेवायला विसरले. तो परत द्यायला आले आहे." वॉर्डन इतका हसला की त्याला खोकला आला. मीही हसले. मला ती आवडली होती, हे आधी लिहून ठेवते. पुढचं वाचून वाटेल की मी सुरुवातीपासून तिच्यावर दात धरून होते. तसं नव्हतं. मनात मी तिला पाळकबाईच म्हणते, अहो-जाहो करते. तुम्हाला लिहिताना मात्र 'ती' येतं हाताखाली. येऊ दे.

गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पाय धुण्याची उपासना होती. बारा जणांनी पुढे खुर्च्यांवर बसायचं आणि पाळकाने गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायचे. बारा जण जमवताना दरवर्षी मारामार होते. इंग्रज माणसाला चारचौघांत मोजा काढायचा म्हणजे संकट वाटतं. म्हणून मी दरवर्षी त्या बारांत असते. पाय धुण्याआधी तिने उपदेश केला. म्हणाली, माझ्या आईच्या पायांना कोणी हात लावत नसे. तिचा नवरासुद्धा नाही. मग एक भारतीय जोडेवाला आला. तो जमिनीवर बसला, आईला म्हणाला, पाय दे, आणि तिचा पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला. मग खाकी कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. दोन बोटं नव्हती तिथे त्याची पेन्सिल अडखळली नाही, जसा पाय होता तशी ती फिरली. त्याच्या जोड्यांत खिळा नसे, सगळी शिवण, कारण जिच्या पायाला काही कळत नाही तिला खिळा वर आला तरी कळणार नाही.

हे तुम्ही, असं मला खिळ्याशीच कळलं होतं. तरी मनाशी म्हटलं, तिकडे गेलेले असे भारतीय काय एकच असतील? मग तिने सांगितलं की त्याच्या डाव्या कानामागे पेन्सिल असायची, आणि शिवताना तो जिभेचं टोक ओठात धरायचा. तिने तसं करून दाखवलं. लोक हसले. बाबा, माझ्या ओळखीची माणसं, ज्यांच्याबरोबर मी वीस वर्षं चहा पिते आहे, ती तुम्हाला हसली. आणि त्या खोलीत तुमची नक्कल करता येणारी एकच बाई होती, ती मी नव्हते.

ती एकेकाचे पाय धुवत माझ्यापर्यंत आली. मी म्हणाले, "आज नको. पायाला जखम आहे."

"जखमेचं मला काही वाटत नाही, मामा," ती म्हणाली. तिकडे आईला मामा म्हणतात, आणि वयाने मोठ्या कुठल्याही बाईला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं.

"तुम्हाला वाटत नसेल, मला वाटतं," मी म्हणाले आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. जखम नव्हती. घरी रेडवेने चालत आले, त्या तांबड्या पायवाटेला माणूस भेटत नाही हे बरं. आणि पुढचे कितीतरी रविवार मी उपासना संपल्याबरोबर, चहाला न थांबता निघत होते.

तुम्हाला आठवतं की नाही, मला माहीत नाही. मी नऊ वर्षांची आहे. नगरकडचं आपलं मिशन कंपाउंड, सकाळची वेळ, दारात ट्रंक बांधून ठेवलेली. तुम्ही मला स्वयंपाकघरात खाकी कागदावर उभं करता. पेन्सिल टाचेमागून येते तेव्हा गुदगुल्या होतात. मी विचारते, "मला पण महारोग झाला का?" आई चुलीपुढून म्हणते, "काय जिभेला हाड आहे का कार्टीच्या." तुम्ही हसता. "माप नेतोय," तुम्ही म्हणता. "दोन वर्षांचं तर काम. तिथल्या माणसांना जोडे शिवायला शिकवायचं आणि परत यायचं. येताना तुझ्या चपला घेऊन येतो." कागदाची घडी करून तुम्ही ती आतल्या खिशात ठेवता.

दोन वर्षांची चार झाली. मध्येच पाकिटावरचं तिकीट बदललं, तेव्हा आईला कळलं की त्या देशाचं नावही बदललं. चार वर्षांनी तुम्ही रजेवर आलात आणि माझ्यापुढे चपला ठेवल्या. लाल चामडं, पट्टा, आत मऊ रबर, टाके असे की मशीनचे वाटावेत. मी पाय घातला आणि माझी अर्धी टाच बाहेर राहिली. तुम्ही नऊ वर्षांच्या पायांच्या चपला आणल्या होत्या. हयातभर पायांची मापं घेणाऱ्या माणसाने! आई तोंडाला पदर लावून हसली. मी नाही हसले. तेरा वर्षांची होते. म्हणाले, "तिकडच्या पोरींची मापं बरी नाही चुकत तुमची."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तिकडच्या पोरींना बोटं नाहीत," तुम्ही म्हणालात. "तुला दहा आहेत. मोजून बघ."

बोटं असलेली मुलगी कशी भांडेल? त्या चपला चुलतबहिणीला गेल्या. त्या रजेत तुम्ही जेवताना तिकडचं काही सांगायला लागलात, अमक्या म्हातारीचा पाय, तमक्या पोरीचं गाणं, की मी ताट उचलून भांडी घासायला जायचे. दोनतीनदा तसं झालं. मग तुम्ही सांगायचं सोडलंत. पुढच्या रजेला तर तुम्ही पाहुण्यासारखे आलात आणि पाहुण्यासारखे गेलात. मी एकोणिसाची असताना मिशनच्या साहेबांकडे तार आली, ताप, दोन दिवस. ती आमच्यापर्यंत पोचली तेव्हा त्या लोकांनी तुम्हाला पुरलंही होतं. आईला आणि मला रडायलासुद्धा तुमचं काही मिळालं नाही. त्यांना सगळं मिळालं.

मग माझं लग्न झालं, हे मला इथे घेऊन आले. गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात ह्यांनी एकतीस वर्षं काढली. तुमचा विषय निघाला की मी अजून चिडते हे पाहून हे म्हणायचे, "मेलेल्या माणसाशी भांडतेस, तो जिंकणारच." हे गेले त्याला सहा वर्षं झाली. अजून दोन कप काढते आणि एक परत ठेवते. त्याचं मोठंसं काही नाही, सवय आहे, पण रोज आहे. सातवीपर्यंत शिकलेली मी इंग्रजी वाचायला शिकले ते इथल्या लायब्ररीत, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांवरून. पूर्व आफ्रिकेवरचं, मिशनवरचं पुस्तक हाती आलं की आधी तुमची वस्ती कुठे सापडते का बघायचे. दोन पुस्तकांत सापडली. त्यांत डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, चर्चची घंटा बोटीतून कशी आणली ते चार पानं आहे. जोडे शिवणारा नाही. तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण मला ते बरंच वाटायचं. वाटायचं, बघा, ज्यांच्यासाठी आम्हाला सोडलंत त्यांनी लक्षातसुद्धा ठेवलं नाही.

आणि आता ही बाई वेदीपुढे उभी राहून तुमची जीभ ओठात धरून दाखवते.

शेवटी मीच सांगितलं. भाद्रपदासारखा पाऊस पडत होता इथे जुलैमध्ये, आणि ती मोडलेली छत्री घेऊन माझ्या दाराशी आली. "मामा, माझं काही चुकलं का? तुम्ही चहाला थांबत नाही," म्हणाली. मी भाकरी थापत होते. परातीकडे बघूनच म्हणाले, "तो जोडेवाला माझा बाप." तिने आधी पिशवी खाली ठेवली. मग वाकून ती तिकडची वडीलधाऱ्यांना करायची नमस्काराची बोली बोलली. तिचा मूळ अर्थ 'पाय धरते' असा आहे, असं तिनेच मागे सांगितलं होतं, आपल्या पाया पडण्यासारखाच. त्याला एक ठरलेलं उत्तर असतं. मला ते माहीत होतं. मी दिलं नाही.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि भाकरीच्या थापेबरोबर ओट्यावर हाताने ताल धरायला लागली. "बाबा असंच करायचे," म्हणाली. "मक्याच्या पिठाची. आम्ही घरी त्याच पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, उगाली, खायचो, आणि बाबा तेच पीठ चापट्या मारून चपटं करायचे. आम्ही पोरं म्हणायचो, पिठाने काय गुन्हा केलाय? रविवारी उपासनेनंतर रांग लागायची. पहिली भाकरी सगळ्यात लहान पोराला."

बाबा, घरी तुम्ही तव्याला कधी हात लावला नाहीत. आई तापाने फणफणलेली असताना शेजारच्या काकू आपल्याला भाकरी देऊन गेल्या, आणि तुम्ही पाटावर बसून वाट बघितलीत. तुम्हाला भाकरी येते हे मला सत्तरीत कळलं, आणि तेही परक्या बाईकडून. ती आपली तुम्हाला सरळ बाबा म्हणत होती. तिकडेही बापाला बाबाच म्हणतात, त्यात तिचा काही दोष नाही. तरी भाकरीवर माझा हात जोरात पडत होता.

मग तिने विचारलं, "तुमचं नाव काय हो? चर्चच्या यादीत नुसतं आडनाव आहे."

मी नाव सांगितलं. ओट्यावरचा तिचा हात थांबला. तिने ते नाव हळूच एकदा म्हटलं. मग त्याच्याआधी बाबा लावून म्हटलं.

"तुम्ही ती होय," ती म्हणाली.

तिने सांगितलं ते तुम्हाला ठाऊकच आहे, मला नव्हतं. तिकडे मुलंबाळं असलेल्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. पहिल्या मुलाचं नाव घेऊन अमक्याचे बाबा, अमकीची मामा, असं म्हणतात. तुम्ही तिथे पोचलात त्याच दिवशी बायकांनी विचारलं, तुझं पहिलं मूल कोण? तुम्ही माझं नाव सांगितलंत. तिथपासून तुमचं नाव तेच झालं. डॉक्टरही तेच म्हणत. "तुमच्या वडिलांचं स्वतःचं नाव मला आजपर्यंत माहीत नाही," ती म्हणाली. "क्रूसावरही तेच आहे. अक्षरं दर दोनतीन वर्षांनी पुन्हा रंगवतात."

आपल्याकडे उलटं. मुलीच्या नावापुढे बापाचं नाव. माझ्या नावापुढे तुमचं नाव सातवीपर्यंत शाळेच्या हजेरीत होतं, मग ह्यांचं आलं आणि तुमचं गळून पडलं. आणि तिकडे, जिथे मी कधी पाऊल टाकलं नाही, तिथे माझ्या नावाचा क्रूस उभा आहे आणि त्याखाली तुम्ही आहात.

ती रडत होती. मीही रडायला हवं होतं, ती तशीच वाट बघत असावी. मला काय वाटलं ते सांगते. वाटलं, म्हणजे माझं नावसुद्धा त्यांनाच. दहा वर्षं दिवसातून पन्नास वेळा माझं नाव तुमच्या कानावर पडलं, आणि मी एकदाही हाक मारलेली नव्हती. मला आठवायचे कष्टही तुम्हाला पडले नाहीत, कोणी ना कोणी आयतं आठवून देत होतं.

"ते तुम्हाला कधी ओरडले का?" मी विचारलं. असा प्रश्न कोणी विचारतं का? पण तोच आला तोंडात.

ती हसली. "एकदा. भिंतीवर एक खाकी कागद टांगलेला होता, लहान दोन पावलांचा. त्यावरून कधी काही शिवलं जायचं नाही. माझ्या आईच्या जोड्यांचा कागद काम झाल्यावर चुलीत गेला, आणि हा आपला भिंतीवरच. एक दिवस ते बाहेर गेल्यावर मी तो खाली काढला आणि त्यावर उभी राहिले. बरोबर बसले माझे पाय. तेवढ्यात ते आले. मामा, त्या माणसाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. दोन दिवस बोलले नाहीत."

तुम्ही तिला दंडाला धरून बाहेर काढलंत हे ऐकून मला आनंद झाला. साठीतली बाई माझ्या ओट्यापाशी उभी होती, बापाविना वाढलेली, आणि मला आतून गोड वाटलं. मी तिला गरम भाकरीवर तूप घालून दिलं. जास्तच घातलं. ती म्हणाली, "बाबांच्या भाकरीपेक्षा चांगली आहे," आणि मी म्हणाले, "असणारच. मी सत्तर वर्षं घरी राहून शिकले." तिला टोमणा कळला. "मारा," ती म्हणाली, "मारा मामा, तुमचा हक्क आहे." असं म्हणणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. तुमच्याकडूनच शिकली असेल.

त्यानंतर ती दर आठवड्याला येते. तुमच्याबद्दल थोडंथोडं सांगते, आता मी उठून जात नाही. आणि ती जाणार हे ठरलं तेव्हा तिने पत्राचं काढलं. म्हणाली, तुमच्याकडून दोन शब्द आले तर म्हाताऱ्या बायका धन्य होतील. मी म्हटलं, त्यांना माझं काय? तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करत होता ना."

आई तुम्हाला पत्र लिहायची, त्याच्या तळाशी एक ओळ मी लिहायची. प्रत्येक पत्रात तीच, कारण दुसरं काही लिहायचं नसायचं. मी तिथल्या सगळ्या आजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना करते, सगळे बरे होवोत. तुम्ही ती ओळ त्यांना वाचून दाखवायचात, पाळकबाई सांगतात. बायका आपली नसलेली बोटं जोडून ऐकायच्या. गोळ्या आल्या, माणसं बरी व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांचं जेवढं नाव झालं तेवढंच त्या मुलीचं. अजून तिघी-चौघी आहेत त्यांतल्या. त्यांना त्या मुलीचं ऐकायचं आहे.

म्हणून मी इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या. तुम्ही माझ्या वडिलांना सांभाळलंत, आभारी आहे. आम्ही घरून त्यांना आनंदाने पाठवलं. मी लहानपणी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करत असे, तुम्ही बऱ्या झालात याचं समाधान वाटतं. पाळकबाईंनी दाराशीच वाचलं, छातीशी धरलं आणि निघताना नेईन म्हणून परत दिलं. आनंदाने पाठवलं हे खोटं आहे, पण तसं सगळेच लिहितात. प्रार्थनेचं मात्र खरं आहे. रोज रात्री, आईबरोबर गुडघे टेकून, एक दिवस चुकला नाही. कंपाउंडातल्या बायका माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या, म्हणायच्या, केवढं मन आहे पोरीचं. आणि मी मान खाली घालून उभी राहायचे.

सगळे बरे झाले म्हणजे तिथे तुमचं काम उरणार नव्हतं. म्हणून मागत होते मी. कोणाचं नाव माहीत नव्हतं, म्हणून 'सगळे' म्हणायचे, एकही शिल्लक राहू नये. त्या बायकांचं बरं व्हावं असं मला एकदाही वाटलं नाही. तुम्ही घरी यावं, एवढंच वाटत होतं.

हे तुम्हाला एकट्यालाच सांगायचं होतं. पाळकबाईंकडे फक्त फ्रीजवरचं पाकीट देईन, हे तिकडे पाठवणार नाही, दगडाखालीसुद्धा नाही. तिथे तुम्ही एकटे कधी सापडतच नाही.